वोविनला न्यायची माती

इतिहास शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, तरी वोविन नावाचा पोलंडचा प्रांत मला ठाऊक नव्हता. माझ्या एका विद्यार्थिनीने आजीचं थडगं शोधत आलेली एक पोलिश बाई साताऱ्याला माझ्याकडे धाडली, तेव्हा कळलं. महायुद्धात रशियाने तो प्रांत गिळला आणि घरंच्या घरं सैबेरियात हाकलली. त्यातून वाचलेली काही माणसं इराणमार्गे थेट आपल्याकडे आली. युद्ध संपलं, तर प्रांतच नकाशावरून पुसलेला. आता तो मुलूख युक्रेनमध्ये आहे.

त्यांतलीच बाईची आजी पाचगणीला क्षयाने गेली. तिथेच तिला पुरलं. तिच्या थडग्याची माती वोविनमधल्या गावी नेऊन टाक, असं आईने मरताना या बाईकडून कबूल करून घेतलं होतं. पण ते गाव युद्धात जळालं, पुन्हा वसलंच नाही. तिथे आता जंगल आहे.

"मग नेणार कुठे?" मी जरा खेकसूनच विचारलं. मास्तरीणपणा अजून अंगातून जात नाही.

"शब्द दिलाय," ती म्हणाली आणि पिशवीतली पत्र्याची डबी दाखवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाचगणीला गेलो, तेव्हा माझ्याकडे राहायला आलेली माझी चुलतीही सोबत होती. तिचं पाटणकडचं गाव कोयनेच्या धरणात गेलं आणि नवं घर मिळालं तासगावकडे. निघताना तिने परसातली मूठभर माती पदरात बांधून नेली आणि नव्या अंगणातल्या तुळशीत घातली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या देवळाच्या जोत्यावर ती अजूनही नारळ फोडून येते.

थडग्यापाशी बसून बाई डबीत माती भरू लागली. चुलतीने तिचा हात धरला.

"आवं बाई, माती मानसं हायत तिथं न्यायाची. रानात कुनाच्या दारात टाकनार?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. बाई खूप रडली. मलाही आवरेना. मग तिने डबी थडग्यावरच उपडी केली.

"आईला दिलेल्या शब्दाचं काय?" तिने विचारलं.

"आयेला सांगा, तिकडं दार उघडाया कुनी न्हाई ऱ्हायलं. हितं आमी हाय. दरसाल दिवाळीला तुमच्या आजीला पनती लावू." चुलतीने माझ्याकडे बोट केलं. "ही साताऱ्यातच ऱ्हाती. ही लावंल."

मला कुणी विचारलं नव्हतं. पण तो शब्द आता माझ्या गळ्यात पडलाय, आणि मला तो मोडायचा नाही.