परक्या सरकारांचे खर्च आणि आमचे मामा

श्रीमंत देशांच्या अर्थमंत्र्यांनाही आपापल्या खर्चाची एवढी काळजी नसेल, जेवढी माझ्या बायकोच्या मामांना आहे. उभा जन्म त्यांनी विक्रोळीच्या एका कारखान्यात लेथवर काढला. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला लागतात. मामा वाचनालयात जाऊन, मांडीवर डिक्शनरी घेऊन, परक्या देशांचे अर्थसंकल्प वाचायला लागले. स्वतःचा पासपोर्ट नाही, पण जपानचं सरकार म्हाताऱ्यांवर किती खर्चतं, अमेरिकेचं सैन्यावर किती, हे ते शेजारच्या बिऱ्हाडातलं भांडण सांगावं तसं रंगवून सांगतात. "माणसाची कमाई विचारू नये जावईबापू, खर्च विचारावा. देशाचंही तसंच." मुलुंडच्या एका लग्नात कॅनडाच्या नवरदेवाला सगळे आडून आडून पगार विचारत होते. मामांनी आहेराचं पाकीट हातात ठेवत विचारलं, "बाळंतपणाच्या रजेत तुमचं सरकार किती पैसे देतं हो?" नवरी लाजून लाल. मागे रांग खोळंबली. मग उत्तरही मामांनीच त्याला सविस्तर सांगितलं.

आम्ही हसायचो. मामी गेल्यापासून त्यांची एकुलती एक मुलगी सुजाता, तिचा नवरा आणि तीन वर्षांची चिमी मामांजवळच राहत. सुजाता नर्स. तिला एकदम दोन नोकऱ्या चालून आल्या, एक अमेरिकेत, एक जर्मनीत. अमेरिकेचा पगार बराच जास्त. आम्ही सगळे म्हणालो, विचार कसला करतेस? मामा मात्र तीन दिवस वाचनालयातून हलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "जर्मनी."

"बाबा, पगार बघा ना!"

"बघितला. पण तू ड्युटीवर असताना पोरीकडे कोण बघणार? अमेरिकेत तो खर्च तुझ्या पगारातून. जर्मनीत बराचसा सरकार उचलतं."

सुजाता म्हणाली, "आणि तुमच्याकडे कोण बघणार?"

देशोदेशीच्या म्हाताऱ्यांची सोय तोंडपाठ असलेला माणूस पहिल्यांदाच अडखळला. "माझं काय, मी दणकट आहे," म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

ती नवरा आणि चिमीसह जर्मनीला गेली, त्याला आता वर्ष होऊन गेलं. परवा रविवारी मी मामांकडे गेलो, तेव्हा व्हिडिओ कॉल चालू होता. चिमी धडाधड बोलत होती, सगळं जर्मनमध्ये.

"आजोबांशी मराठीत बोल गं," सुजाता पलीकडून ओरडली.

"राहू दे," मामा म्हणाले. "बालवाडीत शिकवलंय. चांगलं शिकवलंय."

फोन बंद झाला.

"काय म्हणाली असेल हो ती?" मामांनी मला विचारलं.

मलाही कळलं नव्हतं.