ब्रिस्टलच्या अंधारातलं गाणं

मी खोटं बोललो ते एका रविवारी दुपारी, साउथहॅम्प्टनमधल्या एका पबच्या मागच्या खोलीत, दहा-अकरा भल्या माणसांसमोर. कुणी मला भरीला घातलं नव्हतं. उलट ती माणसं इतक्या आपुलकीने ऐकत होती, की खरं सांगितलं असतं तरी त्यांनी तितक्याच आपुलकीने ऐकून घेतलं असतं. हे मला आता कळतं.

त्याआधी आठ महिने मी घरी बसून होतो. बायको डॉक्टर. तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि मी नागपूरच्या बँकेतली अठरा वर्षांची नोकरी सोडून तिच्यामागे आलो, डिपेंडंट व्हिसावर. त्या शब्दाचा मी पहिले काही दिवस विनोद करायचो, मग बंद केला. ती शिफ्टला गेली की भांडी घासायची, अर्ज पाठवायचे, आलेले नकार वाचायचे आणि दुपारी बसने उगाचच बंदरापर्यंत जाऊन यायचं, असा माझा दिवस.

आपलं लायसन्स इथे वर्षभरच चालतं. नंतर इथली टेस्ट द्यावी लागते. नागपुरात वीस वर्षं गाडी चालवलेला मी पहिल्याच टेस्टला राउंडअबाउटवर, म्हणजे गोल चौकात, नापास झालो. मग बायकोने मला एका ड्रायव्हिंगवाल्या बाईंकडे पाठवलं. साठी ओलांडलेल्या, आखूड पांढरे केस, आवाज खणखणीत. मी घाबरलो की त्या ओरडायच्या नाहीत, गाडीतलं गाणं थोडं मोठं करायच्या.

गाणी सगळी एकाच माणसाची. गिटारवर जुन्या इंग्रजी लोकगीतांचा बाज, त्याखाली रॉकचा ठेका, आणि आवाज सर्दी झाल्यासारखा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, याच्यापेक्षा आमच्या बँकेचा शिपाई बरा गातो. पण हा गाणारा शब्द सावकाश उच्चारायचा. आयुष्यात पहिल्यांदाच मला एखादं इंग्रजी गाणं कागद न बघता कळत होतं. एक गाणं होतं चुकीच्या स्टॉपवर उतरलेल्या माणसाचं. तो चालत घरी निघतो आणि वाटेत त्याला आपलंच गाव पहिल्यांदा दिसतं, बस एवढंच. ते लागलं की मी क्लच सोडायला विसरायचो.

"तुला आवडतो तो," एक दिवस बाई म्हणाल्या. "महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही भेटतो. त्याला ऐकणारे. ये."

मी गेलो. बायकोच म्हणाली, "जा रे. माझ्याशिवाय कुणाशी तरी बोल."

मागच्या खोलीत एक लांब टेबल होतं, भिंतीवर त्या गायकाच्या एका जुन्या दौऱ्याचा टी-शर्ट फ्रेम करून लावलेला. त्याच्या पाठीवर गावांची नावं आणि तारखा ओळीने छापलेल्या. भेटीत भाषण नाही, अध्यक्ष नाही. प्रत्येकाने आपली एखादी आवडती गिग, म्हणजे त्याचा प्रत्यक्ष ऐकलेला कार्यक्रम, सांगायची, एवढंच. बहुतेकांनी त्या गोष्टी पन्नास वेळा ऐकलेल्या असणार, तरी पुन्हा ऐकत होते, आपल्याकडे एखाद्या आत्याच्या लग्नाची गोष्ट ऐकतात तशा.

एक निवृत्त पोस्टमन होता. लग्नाच्या आदल्या दिवशी तो बोटीवर बसून पळून जाणार होता. फेरीबोटीच्या वेटिंग हॉलमध्ये हा गायक आपल्या बोटीची वाट बघत कुणासाठीच नाही असा गिटार वाजवत बसला होता. दोन गाणी ऐकून पोस्टमन घरी परतला. "लग्न टिकलं का?" मी विचारलं. त्याच्या शेजारी बसलेली बाई म्हणाली, "मी कोण आहे असं वाटतं तुला?" सगळे हसले. मग एक शाळेतल्या शिक्षिका बोलल्या. उंच, नीटनेटक्या, माझ्याच वयाच्या. एका गिगमध्ये गायक तिसरं कडवं विसरला आणि पहिल्या रांगेतून यांनी ते ओरडून सांगितलं. सांगताना त्यांचे कान अजूनही लाल होत होते.

टेबलाच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ होते. कंटेनर बंदरात पस्तीस वर्षं क्रेन चालवलेले. मनातल्या मनात मी त्यांना क्रेनवाले काका म्हणू लागलो. त्यांनी ऐकलेली प्रत्येक गिग एका वहीत लिहिलेली होती: कुठे, कोणती गाणी, पाऊस होता की नव्हता.

मग ड्रायव्हिंगवाल्या बाई माझ्याकडे वळल्या. "आणि तू? प्रत्यक्ष ऐकलंयस कधी?"

नाही म्हणायचं होतं. पण गेले आठ महिने मी सगळ्याला नाहीच म्हणत होतो. नोकरी? नाही. गाडी? नाही. इथे कुणी ओळखीचं? नाही. समोर टी-शर्टवर ब्रिस्टल हे नाव दिसलं, आणि वर्षही नेमकं तेच, ज्या वर्षी मी, तेव्हा तिथे नोकरीला असलेल्या चुलतभावाकडे, तीन आठवडे राहून गेलो होतो.

"हो," मी म्हणालो. "एकदाच. ब्रिस्टलला."

आता काहीतरी सांगणं भाग होतं. मी सांगितलं, की मध्येच वीज गेली. माइक बंद. गायक क्षणभर थांबला, मग स्टेजवरून उतरला आणि लोकांच्यात येऊन, माइकशिवाय, तेच गाणं पुढे गाऊ लागला. लोकांनी लायटर पेटवले. मागच्यांना ऐकू यावं म्हणून पुढच्यांनी श्वास रोखला. दिवे आले तेव्हा कुणालाच ते नको होते.

पोस्टमनच्या बायकोने डोळे पुसले. क्रेनवाल्या काकांनी वही उघडली, एका पानावर बोट ठेवलं, बराच वेळ बघितलं आणि मिटली.

"वीज गेली तेव्हा कोणतं गाणं चालू होतं?" त्यांनी विचारलं.

"चुकीच्या स्टॉपवर उतरलेल्या माणसाचं."

"छान," ते म्हणाले. "छान सांगितलंस."

त्या दिवशी कुणीतरी मला जिंजर बिअर पाजली आणि माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली नाही. मी घरी चालत गेलो, शीळ घालत.

खोटं एकदा बोललं की संपत नाही. पुढच्या महिन्यात एक नवं जोडपं आलं, तर सगळे म्हणाले, यांना ब्रिस्टलचं सांग. या वेळी मी एक रडणारं तान्हं बाळ घातलं, गाणं ऐकून गप्प झालेलं. मग बाईंनी तो किस्सा त्यांच्या ग्रुपच्या ऑनलाइन पानावर टाकला. अनोळखी लोकांनी लाल बदामाची चित्रं पाठवली. एका स्त्रीने लिहिलं, "मीही होते तिथे! तो अंधार मी कधीच विसरणार नाही." ते वाचून मी फोन टेबलावर उपडा ठेवला.

बायकोने ते पान माझ्याच फोनवर वाचलं. नुकतीच शिफ्टवरून आली होती, पायातले बूटही काढले नव्हते.

"हे तर आपल्या नागपूरचं आहे," ती म्हणाली. "तुमच्या कॉलनीच्या गणपतीतलं. लग्न ठरलं तेव्हा पहिल्यांदा भेटलो, तर तू मला हेच सांगितलं होतंस."

खरंच होतं. मी कॉलेजात असताना आमच्या मंडळाने एका भावगीत गाणाऱ्या बाईंना बोलावलं होतं. ऐन गाण्यात वीज गेली. त्या पेटीवाल्याला घेऊन मंडपात, सतरंजीवर, बायकांच्या घोळक्यात येऊन बसल्या आणि गात राहिल्या. लोकांनी स्कूटरी आणून हेडलाइट त्यांच्यावर सोडले. मी त्या मंडळाचा खजिनदार. जनरेटरवाल्याच्या नावाने शंख करत बाहेर पळालो होतो, आणि परत आलो तो दारातच थांबलो.

"सांगून टाक त्यांना," बायको म्हणाली.

"सांगतो."

"कधी?"

मी भाजी ढवळत राहिलो.

त्याच आठवड्यात बंदराजवळच्या बाकावर क्रेनवाले काका बसलेले दिसले. मी टाळून जाणार होतो, त्यांनी हात केला. आम्ही शेजारी बसून एका भल्यामोठ्या क्रूझ जहाजाला वळताना बघत राहिलो. मग ते जहाजाकडेच बघत म्हणाले, "ब्रिस्टलची ती गिग झालीच नाही."

"पण टी-शर्टवर तर..." मी म्हणालो.

"टी-शर्ट आधी छापतात. त्या दिवशी त्याचा घसा बसला होता. दारावर चिठ्ठी लावलेली. मी आणि माझी बायको तिथपर्यंत गेलो होतो. तिकिटं तिनेच काढलेली, माझ्या वाढदिवसासाठी."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"आम्ही गाडीत बसून चिप्स खाल्ले आणि परत आलो. मी वाटभर तिच्यावर चिडचिड केली. तिचा काय दोष होता? पण केली. चार वर्षांनी ती गेली. ती संध्याकाळ आठवली की मला अजून स्वतःची लाज वाटते. तू सांगत होतास तेव्हा पाच मिनिटं मी दाराच्या आत होतो. तिच्याबरोबर. वही काढून तुला खोटं पाडावं असं मला वाटलंच नाही."

"चुकलो, काका," एवढंच म्हणालो, तेही मराठीत. त्यांना शब्द कळला नसेल, पण त्यांनी मान हलवली.

"मला त्या दुसऱ्या बाईची जास्त काळजी वाटते," ते म्हणाले. "मीही होते तिथे म्हणणारी." आणि ते इतके हसले की त्यांना खोकला आला.

पुढच्या भेटीत मी सगळ्यांच्या आधी बोलायला उभा राहिलो. नागपूरच्या ऑडिटरसमोरही मी इतका घाबरलो नव्हतो. ब्रिस्टलला मी कुठलीही गिग ऐकली नाही, मी खोटं बोललो, मला तुमच्यात बसायचं होतं, असं सरळ सांगितलं. काकांचं नाव काढलं नाही. पोस्टमन "अरेच्चा" अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटला.

शिक्षिका बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज शांत होता. "मी ती गोष्ट माझ्या बहिणीला सांगितली. तिचं ऑपरेशन होतं त्या सकाळी. तिला धीर यावा म्हणून मी ती गोष्ट निवडली."

"मला माफ करा," मी म्हणालो.

"तिला मी आता काय सांगू?" त्यांनी विचारलं. त्यांनी कोट उचलला आणि निघून गेल्या.

मग ड्रायव्हिंगवाल्या बाई, राउंडअबाउटवर बोलायच्या त्याच सुरात म्हणाल्या, "बस खाली. हे सगळं तू काही हवेतून आणलं नसशील. मुळात घडलं काय होतं, ते सांग."

मी नागपूरचं सांगितलं. सतरंजी म्हणजे काय, गणपतीत गाणं का ठेवतात, स्कूटरचे हेडलाइट कसे एकेक करून लागले, हे सांगायला वेळ लागला. ब्रिस्टलइतकं ते चांगलं झालं नाही. मध्ये मी अडखळलो, जनरेटरवाल्याला दिलेल्या शिव्यांचं भाषांतर जमेना. पण काकांनी विचारलं, "त्या गाणाऱ्या बाई नंतर काय म्हणाल्या?" आणि मला आठवलं, जे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनी चहा मागितला होता, साखर कमी.

ऑनलाइन पानावरचा किस्सा बाईंनी काढून टाकला. शिक्षिका पुढच्या दोन भेटींना आल्या नाहीत. तिसऱ्या भेटीला आल्या, पण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. मी मधल्या काळात त्यांना पत्र लिहिलं होतं आणि टाकलं नव्हतं. त्यात मी स्वतःबद्दलच फार लिहिलं होतं. त्याऐवजी मी टेबलाच्या त्या टोकाशी जाऊन विचारलं, "बहीण कशी आहे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बरी आहे. चालायला लागलीय." थोडं थांबून म्हणाल्या, "तिला खरं सांगितलं मी, आणि मागाहून मला या लोकांकडून कळलेलं तुझं नागपूरचंही. ती म्हणाली, स्कूटरवाली गोष्ट जास्त आवडली. मला अजून राग आहे, पण."

"असू द्या," मी म्हणालो.

वसंतात बातमी आली, की गायक आमच्याच गावात येतोय, एका चर्चच्या हॉलमध्ये, शनिवारी दुपारी. आम्ही सगळ्यांनी खुर्च्यांची एक अख्खी रांग धरली. बायकोने शिफ्ट बदलून घेतली. माझ्या एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला, जागा जशा मिळाल्या तशा, शिक्षिका.

मी फार काही मनात धरून गेलो होतो. तो आला तेव्हा मला आधी ओळखूच आला नाही. पंच्याहत्तरीच्या पुढचा, खांदे उतरलेला माणूस खुर्चीवर बसला, फ्लास्कमधून चहा ओतून घेतला, आणि गुडघ्याच्या दुखण्याबद्दल बोलू लागला. वरचे सूर त्याला लागत नव्हते; तिथे आला की तो नुसता हसायचा आणि तो सूर आम्ही आपापल्या मनात लावून घ्यायचो. गिटार जुळवायला इतका वेळ घेतला की बायको माझ्या खांद्यावर झोपून गेली. वीज गेली नाही, कुणी रडलं नाही. पाऊण तास गायला, हात वर केला, गेला.

तरी बाकीचे बाहेर पडेपर्यंत मी खुर्चीवरून उठलो नाही.

नंतर पबमध्ये सगळ्यांनी आपापलं सांगितलं. माझी पाळी आल्यावर सगळे माझ्याकडे रोखून बघू लागले, साहजिकच. मी म्हणालो, "तो गिटार जुळवत होता तेव्हा त्याच्या डाव्या बुटाची नाडी सुटलेली होती. पूर्ण वेळ. मला सारखं वाटत होतं, उठताना हा पडणार."

"उजव्या," शिक्षिका ताडकन म्हणाल्या.

"डाव्या. मी त्याच बाजूला होतो."

"मी तुझ्या शेजारी होते! उजव्या बुटाची."

पोस्टमनने डाव्याची बाजू घेतली, त्याच्या बायकोने अर्थातच उजव्याची. माझ्या बायकोला विचारलं तर ती तेव्हा झोपलेली होती. काका म्हणाले, त्याने चपला घातल्या होत्या, आणि त्यांना सगळ्यांनी मिळून गप्प केलं. शिक्षिकांचे कान लाल झाले होते, मीही आवाज चढवला होता, आणि पबवाला येऊन विचारून गेला, सगळं ठीक आहे ना.

डावाच होता. मी माझं म्हणणं सोडलेलं नाही, आणि शिक्षिकांनीही नाही.