शेंदऱ्या द्यावा की खट्ट्या?

मे महिन्यात वऱ्हाडात कोणी फिरायला जातं का, असं घरच्यांनी विचारलं. मी म्हटलं, आंबे खायला जातो. माझी थोरली बहीण, जिला आम्ही बाई म्हणतो, जळगाव जामोदच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी दिली आहे. तिथल्या गावच्या आमराईतला तिचा शेंदऱ्या ज्यानं चाखला नाही, त्याच्याशी मी आंब्यावर वाद घालत नाही.

नागपूरहून नांदुऱ्यापर्यंत पॅसेंजर आणि तिथून जळगावची मोटार. मोटारवाला टपावरच्या सामानाचे वेगळे पैसे मागतो, ते बसण्याआधीच ठरवून घ्यावं. धूळ इतकी की उतरल्यावर माणसं एकमेकांना आवाजावरून ओळखतात. मोटारतळावर गरम भजी खाल्ली, तोवर भाऊजी बैलगाडी घेऊन आलेच. वाटेत त्यांनी बातमी दिली. खामगावाकडून विजेची मोठी तार यायची आहे, ती आमराईवरून जाणार, आणि उद्या वीज खात्याचे साहेब गावाचं म्हणणं ऐकायला येणार. सरकार आपल्याला विचारतंय, याचा भाऊजींना कोण अभिमान!

दुसऱ्या दिवशी सभा आमराईतच भरली. सतरंज्यांवर सगळे गडी बसले, बाया घरी स्वयंपाकाला. साहेब भला माणूस होता. तार वळवता येईल तितकी वळवली, तरी कोणतं तरी एक झाड जाणारच, ते गावानं ठरवावं, असं त्यांनी सांगितलं. मग झाडांचे मालक एकेक करून उठले आणि आपापल्या झाडाचे गुण गाऊ लागले. मुलीचं स्थळ सांगतानाही कोणी इतकं बोलत नसेल. रहीमचाचा म्हणजे जळगावचे बागवान, दरसाल या आमराईचे आंबे तेच विकत घेतात. आपला सगळा धंदा शेंदऱ्यावर चालतो, असं ते म्हणाले.

शेवटी सगळ्यांच्या नजरा खट्ट्यावर गेल्या. कैरी दगडासारखी, बाजारात कोणी फुकट घेत नाही, आणि झाड गावाचं, म्हणजे मालक कोणीच नाही. साऱ्यांनी माना डोलावल्या. पाहुणा असून मीही डोलावली. खट्ट्याच्या बुंध्यावर चुन्याची खूण झाली. इतकं एकमत या गावानं आजवर पाहिलं नव्हतं म्हणे.

मग बाईच्या ओसरीवर साहेबांसकट सगळ्यांची पंगत बसली. ज्वारीची भाकर, भरली वांगी, वरण, कांदा. बाई वाढत होती.

"लोनचं आन वं," भाऊजी म्हणाले.

"नाही देत. खट्ट्या तुमीच देऊन टाकला ना? आतापासून सवय करा."

घास हातात तसेच राहिले. गावातलं झाडून सारं लोणचं त्या एका खट्ट्याचं, हे तिथल्या प्रत्येक गड्याला ठाऊक होतं. सभेत मात्र एकालाही आठवलं नाही. काय झालं ते साहेबांनी विचारलं. बाईनं डोक्यावर पदर घेतला आणि थेट त्यांच्याशीच बोलली.

"साहेब, गोड आंबा मानूस पंधरा दिवस खाते अन् इसरते. खट्ट्याचं लोनचं सालभर पुरते, ज्याले वावर नाही त्याच्याबी घरी. त्याले मालक नाही, म्हनून त्याच्या तर्फेनं कोनी बोललंच नाही. झाडच पाह्यजे तर आमचा शेंदऱ्या घ्या."

घरातलं अर्धं वर्ष शेंदऱ्यावर निघायचं. आधी रहीमचाचा बोलले, "भाभी सही बोलून राह्यली." मग भाऊजी म्हणाले, "हाव. घ्या."

जेवण होताच साहेब पुन्हा आमराईत गेले. या वेळी बायाही गेल्या आणि पुढे उभ्या राहिल्या. खट्ट्याची खूण खरवडून काढली. शेंदऱ्याला चुना लावताना डबा भाऊजींनीच धरला होता. मला दोघांचा असा अभिमान वाटला की डोळे पुसताना उन्हाचं निमित्त करावं लागलं.

परतीला टोपली सांभाळून आणा. मोटारीत आंबे दबतात, गवत भरपूर घाला. माझे बरेचसे नीट पोचले. घरी बायकोला सारी हकीकत सांगितली. ती शेंदऱ्या चोखत ऐकत होती. चोखून संपल्यावरही तिनं कोय हातातून खाली ठेवली नाही.

"एवढा गोड?" ती म्हणाली. "आणि हा दिला बाईंनी?"