डोंगरावरच्या घरातली ज्वारी

"हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस," डॉक्टर म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. ते सुमनकडे, माझ्या बायकोकडे बघत होते. "ताई, तुमच्या फुप्फुसांना बुरशीची अ‍ॅलर्जी झालीय. रोज थोडी थोडी बुरशी श्वासातून आत गेली, आणि शरीर तिच्याशी भांडता भांडता फुप्फुसंच सुजली. काही भाग सुकून कडक झालाय. तो परत मऊ होणार नाही. बाकीचा वाचवायचाय."

सुमननं विचारलं, "ज्वारीच्याच बुरशीनं ना?"

"ज्वारीच्याच."

मग डॉक्टरांनी मला विचारलं, मी नोकरीत काय काम करत होतो. जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत, गोदामावर, असं मी सांगितलं. त्यांनी हातातला पेन खाली ठेवला.

"म्हणजे तुम्हाला ओल कळत होती."

मी काही बोललो नाही. मी तसाही फार बोलत नाही. लोक त्याला स्वभाव म्हणतात. आमच्या घरात त्याचं काय झालं ते सांगायला बसलोय. वाचून कुणाला माझा राग आला तर येऊ द्या. मलाही माझा राग येतोच, आणि एकट्या माझाच येतो असंही नाही.

आधी घराचं सांगतो. पंचावन्न झाल्यावर मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि सह्याद्रीतल्या एका छोट्या, थंड हवेच्या गावात घर घेतलं. नाव सांगत नाही, त्या गावाचा काही दोष नाही. जन्मभर जालन्यात काढलेल्या माणसाला हिरवळ दाखवली की त्याचं डोकं चालत नाही. नळाला पाणी कधी येणार यावर आमच्या घरचे पाहुणे ठरायचे. स्टीलच्या कारखान्यांचा धूर छातीत घेतलेला. त्या गावात पहिल्यांदा गेलो तेव्हा भिंतीवर शेवाळ बघून मला आनंद झाला होता. भिंतीला सुद्धा पाणी आहे, असं मी सुमनला म्हणालो होतो. ती म्हणाली होती, "भिंतीला कशाला पाहिजे पाणी?" मी ऐकलं आणि सोडून दिलं. जालन्याचं घर विकून टाकलं. तिला विचारलं होतं का, असं दत्तानं, तिच्या भावानं, नंतर मला विचारलं. सांगितलं होतं. विचारलं नव्हतं.

आता ज्वारीचं. आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षाची ज्वारी भरून ठेवतात. कडक ऊन दाखवायचं, कडुनिंबाचा पाला घालायचा, पत्र्याच्या कोठीत भरायची, की वर्षभर बघायला नको. टेंभुर्णीच्या आमच्या शेतातली शाळू ज्वारी मी त्या डोंगरावर टेम्पोनं नेली. तिथं भात आणि नाचणी. मी म्हणालो, माझ्या शेताची भाकरी सोडून मी दुसरं खाणार नाही. सगळ्यात कमी गळणारी मागची खोली, तिच्यात कोठ्या ठेवल्या. तिला एक लहान खिडकी. पावसात ती बंदच.

तिथला पाऊस म्हणजे चार महिने ढगातच राहायचं. काडेपेटी ओढली तर ओढत नाही. मीठ पाणी होतं. कपड्यांना कुबट वास. आणि पोळ्याच्या सुमाराला कोठी उघडली तर ज्वारीवर हिरवट साय.

बियाण्यात ओल किती असली की ते बिघडतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. कंपनीत असं पोतं दिसलं की मी हमालांना नाकाला फडकं बांधायला लावायचो आणि लॉट बाजूला काढायचो. घरच्या कोठीला तो नियम मी लावला नाही. धान्य टाकून द्यायचं नसतं, आणि हे धान्य माझं होतं. सुमनला म्हणालो, पाखडून घे, वरवरचंच आहे.

ती पाखडायची. बाहेर पाऊस, म्हणून त्याच बंद खोलीत बसून, सुपात घेऊन. हिरवट भुकटी उडायची. दळण करायच्या आधी दर वेळी.

पहिलं लक्षण खोकला. कोरडा, संध्याकाळी येणारा. मग हुडहुडी, अंगात कणकण, सकाळी परत ठीक. मी म्हणालो, थंडीची सवय नाही तुला. मग जिना चढताना दम. मी म्हणालो, वजन वाढलंय. मग वजन कमी व्हायला लागलं, तेव्हा मी काहीच म्हणालो नाही.

दिवाळीला ती तीर्थपुरीला माहेरी गेली. आठवड्याभरात खोकला गेला. भावाच्या मळ्यापर्यंत चालत जाऊन यायला लागली. परत आली, ज्वारी पाखडली, संध्याकाळी परत ताप. यात सगळं उत्तर होतं. एखाद्या ठिकाणी माणूस आजारी पडतो आणि तिथून हलला की बरा होतो, तर त्या ठिकाणाकडे बोट दाखवायला डॉक्टर व्हावं लागत नाही. मी काय केलं? तिला म्हणालो, "माहेरी गेलं की बरी होतेस. तुला इथं राहायचंच नाही, ते सरळ सांग."

ती म्हणाली, "मंग सांगते. मला इथं न्हाई राह्यचं."

"ही नाटकं आहेत," मी म्हणालो. त्यानंतर तिनं परत जायचा विषय काढला नाही. खोकला आला की दुसऱ्या खोलीत जाऊन खोकायची.

त्या दिवसांत मी रोज सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर ढगांचे फोटो टाकत होतो. खाली लोक अंगठे दाखवायचे. नशीबवान आहात, लिहायचे. त्यातला एकही माणूस घर बघायला पावसाळ्यात आला नाही. मीही घर एप्रिलमध्येच बघितलं होतं. विकणारे एप्रिलमध्येच दाखवतात.

तिथल्या डॉक्टरांनी दम्याचा पंप दिला. तालुक्याच्या डॉक्टरांनी टीबीसाठी थुंकी तपासली, ती स्वच्छ निघाली. दोघांनीही विचारलं होतं, घरात धूळ, बुरशी, कबुतरं, असं काही आहे का? दोन्ही वेळा उत्तर मी दिलं. डोंगरावर राहतो डॉक्टरसाहेब, धूळ कुठली. सुमन शेजारच्या खुर्चीवर बसलेली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पदरानं तोंड पुसलं.

हे मी आजवर कुणाला बोललो नाही, ते आता लिहितो. दुसऱ्या डॉक्टरांनी 'बुरशी' हा शब्द उच्चारला तेव्हाच माझ्या डोळ्यांपुढे कोठी आली होती. मी विसरलो नव्हतो. ज्वारी म्हणालो असतो तर ओल म्हणावं लागलं असतं, आणि ओल म्हणालो असतो तर घर चुकलं म्हणावं लागलं असतं. म्हणून मी धुळीवरच बोलून मोकळा झालो. पुढचे कितीतरी दिवस ती तीच ज्वारी पाखडत राहिली.

शेवटी दत्ता गाडी घेऊन आला आणि तिला संभाजीनगरच्या हॉस्पिटलला घेऊन गेला. मी मागच्या सीटवर. 

तिथं तपासण्या झाल्या. एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसांचे पातळ पातळ काप दाखवणारा स्कॅन. पीएफटी, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसांची ताकद मोजायची. ती फुंकायला गेली की खोकल्यानं वाकायची, आणि तंत्रज्ञ बाई म्हणायच्या, परत एकदा, मावशी. मग बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून तिला व्हरांड्यात चालवलं. बसलेली असताना आकडा बरा होता. चालायला लागली तसा पडत गेला, आणि बाईंनी तिला मध्येच थांबवून खुर्ची दिली. मी भिंतीला टेकून बघत होतो. त्या घराच्या पायऱ्या ती पाण्याची कळशी घेऊन चढायची.

वेटिंग हॉलमध्ये सगळ्यांच्या मांडीवर एक्सरेच्या पिशव्या. शेजारचा माणूस विचारायचा, तुमचं काय? मी म्हणायचो, जुना खोकला.

डॉक्टरांनी परत तेच विचारलं, आणि मी परत तोंड उघडलं. ते म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसा." मला अपमान वाटला. आतमध्ये त्यांनी तिला फक्त एवढंच विचारलं, की सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा. तिनं सांगितलं. पुढं ब्रॉन्कोस्कोपी झाली, म्हणजे नाकातून दुर्बीण घालून फुप्फुसात थोडं पाणी सोडतात आणि ते परत काढून तपासतात. पण निदान त्या खोलीतच झालं होतं. मी बाहेर गेल्यावर.

तिला वॉर्डात ठेवलं, नाकाला ऑक्सिजन लावला. दत्ता मला कॅन्टीनजवळ घेऊन गेला. तो कधी मोठ्यानं बोलत नाही, तेव्हाही बोलला नाही.

"दाजी, तुमी तिला हवा खायला नेलतं ना डोंगरावर? बघा, आता नळीतून खाऊन राह्यली."

मी म्हणालो, चूक झाली.

"चूक बिलकुल न्हाई. चूक माणूस एकदा करतो. तुमी तिला त्या खोलीत बसवून दर वेळी पाखडून घेतलं." मग म्हणाला, "डिस्चार्ज झाला की ती माझ्यासंगं येईल. तुमी येऊ नका."

सुमनला विचारलं. ती म्हणाली, "दत्ता म्हणतो तसं."

स्टेरॉईडच्या गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्या सूज उतरवतात, पण माणसाला फुगवतात. तिचा चेहरा गोल झाला, साखर वाढली, झोप उडाली, चिडचिड वाढली. पण ऑक्सिजनचा आकडा वर आला. हे मला फोनवर तिची भावजय सांगायची. सुमन फोनवर येत नव्हती.

मी घर रिकामं करायला एकटाच गेलो. कोठीचं झाकण काढून आत हात घातला. ज्वारी गरम लागली. धान्य आतून सडायला लागलं की गरम होतं, गोदामात आम्ही असाच हात घालून बघायचो. मी घाईनं हात काढला आणि खिशातला मास्क तोंडाला लावला. लावल्यावर लक्षात आलं, सुमनला मी साधं फडकंसुद्धा दिलं नव्हतं. ज्वारी खड्डा करून पुरली. घर कमी भावात देऊन टाकलं. घेणाऱ्याला मागच्या खोलीची ओल दाखवली. तो हसून म्हणाला, रंग मारून घेऊ. मारू द्या.

तुमच्यातल्या कुणाला हा आजार झाला असेल, किंवा निवृत्तीनंतर डोंगरात जायचं ठरत असेल, तर मला फार शहाणपण शिकवता येणार नाही. घर भर श्रावणात जाऊन बघा, आणि जिला त्या घरात झाडझूड करायचीय तिला सोबत न्या. एखादं काम केलं की काही तासांनी ताप येतो, गाव सोडलं की उतरतो, असं होत असेल तर ते डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. आणि पेशंट बोलू शकत असेल तर तुम्ही बोलू नका.

तापातून उठल्यासारखी ती हळूहळू उठली. पूर्ण नाही. डॉक्टर म्हणाले, "जे गेलं ते गेलं. आहे ते टिकलं तर आपण जिंकलो." उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिनं जुन्या जालन्यात, तळमजल्यावर, दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. माळवदाला कोरडं ऊन, समोर धान्याची आणि कापडाची दुकानं, दिवसभर ऑटोचा गोंगाट. खोल्या तिनंच बघितल्या. मग मला निरोप पाठवला की यायचं असेल तर या. मी आलो. अजून आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं. ती मला माफ करेल असं मला वाटत नाही, आणि तिनं तसं करावं असं मी म्हणतही नाही. डॉक्टरांचे उपकार आहेत. दत्ताचेही, त्याला ते ऐकायचे नसले तरी.

परवा समोरच्या काकू आल्या होत्या. त्यांचे मिस्टर बँकेतून निवृत्त व्हायचेत, आणि त्यांच्याही मनात डोंगरातलं घर भरलंय. त्या सुमनला विचारत होत्या, तुम्ही राहिलात ना, कसं होतं? मी आत पेपर वाचत होतो.

सुमन म्हणाली, "गाव चांगलं होतं. हिरवंगार. मलाच न्हाई मानवलं."

मी उठून बाहेर आलो. म्हणालो, तिला मानवलं नाही असं नाही, काकू. मी तिला बुरशीची ज्वारी पाखडायला लावली. मला कळत होतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही मी सांगितलं नाही. एवढं सलग मी शेजाऱ्यांशी कधी बोललो नव्हतो. काकूंना कुठं बघावं कळेना. कुकर लावायचाय म्हणून त्या निघून गेल्या.

सुमन दाराशी तशीच बसून होती. श्वास जुळवून घेत होती.

"मला बोलताना दम लागतो, म्हणून मी थोडं बोलते," ती म्हणाली. "तुमाला इतके दिवस काय झालतं?"