कट म्हणजे निघालो

चौक गावच्या मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही लावलेल्या मोठ्या स्क्रीनवर एकामागून एक ठिपका लाल होत होता. आमचे बॉस केतनभाई माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, जणू तो रंग मीच निवडला होता. खरं तर रंग त्यांनी निवडला होता. मी केशरी म्हणत होते.

लाल म्हणजे फोन केला, नकार मिळाला. हिरवा म्हणजे फोन उचलला, माणूस मदतीला तयार आहे. समोर समुद्रात जयवंत नावाच्या तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, ठरल्याप्रमाणे बोटीचं इंजिन बंद केलं होतं आणि फोनवरचं मदतीचं बटण दाबलं होतं. ही रंगीत तालीम होती. शिमग्याला बोटी घरी आल्या होत्या, म्हणून हा दिवस धरला होता.

"वैशालीबेन, एक पण ग्रीन नाही?"

"दोन-तीन आहेत, सर. खाली कोपऱ्यात."

"कोपऱ्यातले ग्रीन घेऊन मी काय करू?"

आमचं ऑफिस भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकच्या बाजूला. आम्ही फोन विकत नाही की सिमकार्डही विकत नाही. लोकांचे फोन वेळेवर एकमेकांना जोडून देतो. त्यासाठी वेब सर्व्हिस वापरतो. वेब सर्व्हिस म्हणजे सरकारी ऑफिसातल्या खिडकीसारखी. आत कोण बसलंय ते आपल्याला कळत नाही. ठरलेल्या पद्धतीने चिठ्ठी सरकवली की ठरलेलं उत्तर बाहेर येतं. फरक एवढाच की इथे जेवणाची सुट्टी नसते. एका खिडकीला विचारायचं, कोणती बोट कुठे आहे. दुसरीला सांगायचं, जवळच्यांना एकदम फोन लाव. तिसरीला सांगायचं, जो उचलेल त्याला अडकलेल्या बोटीशी कॉन्फरन्समध्ये जोड. आणि कुणी नकार दिला तर आणखी लांबच्यांना फोन लाव. हे सगळं माणूस 'हॅलो हॅलो' करून वैतागायच्या आत व्हायला हवं. त्याला आमच्यात रियल-टाइम म्हणतात.

हे काम आणलं होतं सोसायटीच्या सेक्रेटरी हेमलताताईंनी. जयवंत त्यांचा धाकटा दीर. हिवाळ्यात त्याचं इंजिन बंद पडलं. किनाऱ्यापासून फार लांब नव्हता, रेंजही होती. एकेक नंबर लावत बसला. पहिला एंगेज, दुसरा बंद, तिसऱ्याची रिंगच जाईना. नंबर लावता लावता बॅटरी संपली आणि बोट वाहत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. हेमलताताई ऑफिसात येऊन एवढंच म्हणाल्या होत्या, "ती दुपार मला परत बघायची न्हाय, मॅडम. एक बटन द्या त्याला." मला त्या बाई तिथेच आवडल्या होत्या.

आता तालमीच्याच दिवशी संध्याकाळी सोसायटीची सभा होती. सिस्टिम घ्यायची की नाही ते त्या सभेत ठरणार होतं. सण संपला की बोटी बाहेर पडणार. सभेने नाही म्हटलं तर जयवंत पुन्हा तसाच, एकेक नंबर लावायच्या भरवशावर समुद्रात जाणार होता. आणि माझी स्क्रीन सांगत होती की अख्ख्या चौकला त्याचं काही पडलेलं नाही.

ऑफिसात आम्ही हे भरपूर वेळा टेस्ट केलं होतं. तेव्हा सगळं हिरवंगार असायचं. अर्थात तेव्हा फोन उचलणारे आमचेच लोक होते, एसीत बसलेले, आणि बाजूला केतनभाई उभे असलेले.

"कॉन्फरन्स स्पीकरवर घ्या," केतनभाई म्हणाले. "ग्रीनवाले तरी काय बोलतात ते ऐकू."

मी स्पीकर चालू केला. एक जण सांगत होता की त्याची बोट वर ओढून रंगाला काढलीये. दुसरा काशीगावात मेहुणीच्या हळदीला बसला होता, मागे बँड वाजत होता. तिसऱ्याची कंबर धरली होती. कंबर कशी धरली, ते तो सुरुवातीपासून सांगत होता. मधूनमधून जयवंतचा आवाज यायचा, "हां काका. बरं काका. शेक घ्या."

थोडक्यात, आमच्या सिस्टिमने अडकलेल्या माणसाला मोठ्या तत्परतेने नेमकं त्यांच्याशी जोडून दिलं होतं, ज्यांना येणं शक्य नव्हतं.

सोसायटीचे अध्यक्ष दामूनाखवा मागे बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "मानूस वाहत चाललाय आन् तुमचा फोन त्याला कंबरदुखी ऐकवतोय."

तेवढ्यात हेमलताताई दारातून आत डोकावल्या. "मॅडम, भायेर या जरा. लवकर."

बाहेर गेले तर समुद्रात जत्रा भरली होती. जयवंतच्या बोटीभोवती चार बोटी आधीच पोचल्या होत्या, मागून आणखी येत होत्या. दोन बोटींच्या तांडेलांमध्ये दोर कोणी टाकायचा यावरून वाद चालला होता. ओढून आणायची होती एक बोट, आणि ती मधोमध कोंडली गेली होती.

"हे सगळे कुठून आले?" मी विचारलं.

"कुठून म्हंजे? तुम्हीच फोन केलात ना त्यांना."

"पण त्यांनी तर फोन कट केले."

"मंग? कट केला म्हंजे निघालो." हेमलताताई माझ्याकडे बघत राहिल्या. "निघायच्या टायमाला बोलत कोन बसतो?"

"आणि यायचं नसेल तर?"

"तर उचलून कारन सांगायला नको? असा कसा मानूस नाही म्हनेल, कारन न सांगता?"

केतनभाई मागून आले होते. "पण ताई, मी व्हॉट्सॲपवर क्लियर लिहिलेला, फोन उचला म्हणून."

"वाचला ना सगल्यांनी. अंगठा पन दिला."

मग सगळं उलगडलं. पहिल्यांदा जवळच्या तिघांना फोन गेले. तिघांनी कट केले आणि बोटी काढल्या. सिस्टिमला वाटलं, तिघांनी नकार दिला. तिने पुढच्यांना फोन लावले. तेही कट करून निघाले. असं करत करत तिने अख्खं गाव पाण्यात उतरवलं, आणि तरी स्क्रीनच्या हिशेबाने मदतीला तयार होते ते फक्त कंबर धरलेले काका आणि तसेच आणखी दोघं. मला हसू आवरेना. लाल रंग केतनभाईंचा असला तरी नकाराचा अर्थ मी लिहिला होता, म्हणून जरा दमानेच हसले.

केतनभाईंनी सभेत सुचवून पाहिलं, "गाववाल्यांना एक ट्रेनिंग देऊ. फोन कसा उचलायचा."

दामूनाखवा म्हणाले, "गावाला फोन कसा उचलायचा ते ठावं हाय. तुमच्या मशीनला शिकवा, कट कसा ऐकायचा. शिकली तर घेऊ."

सण संपायच्या आत मी ते शिकवलं. रिंग वाजून कट झाला तर माणूस निघाला असं धरायचं. रिंगच गेली नाही तर तो एंगेज किंवा रेंजबाहेर, म्हणून पुढच्याला फोन. शब्दावर विश्वास ठेवायचा, पण थोड्या वेळाने बोटीचं ठिकाण विचारून ती खरंच हललीये का तेही बघायचं. दोन बोटी निघाल्या की बाकीच्यांना निरोप: अमुक निघालेत, तुम्ही थांबा. आणि जो उचलेल त्याला जयवंतशी जोडायचं नाही. त्याला हेमलताताईंच्या आवाजातलं रेकॉर्डिंग ऐकवायचं: "समजलं. कारन घरी सांगा." गावात सगळ्यात जास्त कौतुक त्या रेकॉर्डिंगचंच झालं. सोसायटीने सिस्टिम घेतली.

उन्हाळ्यात ती खरोखर लागली. जयवंतच्याच बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं, वारा खोल समुद्राकडे ढकलणारा होता. त्याने बटण दाबलं. मी ऑफिसात स्क्रीनसमोर होते. पहिल्या रिंगलाच एक कट आला, मग दुसरा. दोन ठिपके हिरवे झाले आणि त्याच्या दिशेने सरकायला लागले. त्या वेळात कुणीही कुणाशी एक शब्द बोललं नाही. ते ठिपके त्याच्या ठिपक्याला भिडेपर्यंत मला पाणी प्यायचं सुचलं नाही. तो संध्याकाळी घरी होता.

त्यानंतरच्या शनिवारी मी एका क्लायंटबरोबर मीटिंगमध्ये होते. हेमलताताईंचा फोन आला. नंतर बोलू म्हणून मी कट केला. मीटिंग लांबली. बाहेर येऊन फोन लावला.

"काय म्हणत होतात, ताई?"

"जेवायला या सांगत होते. कुठपर्यंत आलात?"

"मी? मी ऑफिसातच आहे."

"मंग कट कशाला केलात? मी भात टाकला. जयवंत कधीचा बस स्टॉपवर उभा हाय तुमच्यासाठी."

मी केतनभाईंकडे अर्धा दिवस मागितला. कारण विचारल्यावर म्हटलं, "सर, सिस्टिमच्या नियमाप्रमाणे मी निघालेय." रिक्षा केली, मग बस धरली. स्टॉपवर जयवंत खरंच उभा होता, उन्हाने लाल झालेला. ज्याची घरी वाट बघितली जायची, तो माझी वाट बघत होता. बरं वाटलं.

तेव्हापासून मी चौकचा फोन कधी कट करत नाही. जायचं नसेल तर उचलते आणि कारण सांगते, कंबरेपासून सुरुवात करून.