पॅच सुटला, तवा नाही

गिंडीच्या कारखान्यांमागच्या गल्लीत जयवंतीची खानावळ आहे. ज्वारीची भाकरी ती करते तशी अख्ख्या चेन्नईत कुणाला जमत असेल, तर त्यानं यावं आणि तिच्या शेजारी उभं राहून करून दाखवावी. अजून कुणी आलेलं नाही. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यांत कामाला असलेली आपल्याकडची पोरं सुट्टीच्या दिवशी एवढ्या लांबून येतात, ती काय सांबार प्यायला येतात?

नवरा गेल्यावर थोरल्या भावानं, रत्नाकरनं, तिला तासगावहून इकडे आणलं. तो लेथवर कामाला होता. दोघांनी मिळून खानावळ उभी केली. भाकरी जयवंतीची आणि तोंड रत्नाकरचं, अशी वाटणी. त्याचं तमिळ ऐकून तमिळ माणूससुद्धा गप्प होतो. हसून होतो की घाबरून, ते सोडा.

मग जयवंती चालत्या बसमधून उतरताना पडली. मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, झकास झालं. झकास झालं असेल, पण कमरेपासून टाचेपर्यंत डावा पाय असा पेटायचा की तिला चादरीचा स्पर्श सहन व्हायचा नाही. साध्या गोळ्यांनी पोट बिघडलं, पाय तसाच. लोक म्हणायचे, जरा सोसायला शिका. तिनं किती सोसलं होतं ते त्यांना काय माहीत.

शेवटी अण्णा नगरच्या डॉक्टर विद्यालक्ष्मींनी पॅच दिला. कातडीला चिकटवायची छोटी पट्टी, त्यातून औषध हळूहळू अंगात जातं. दुखणं काही गेलं नाही. पण आधी ते छातीवर बसून असायचं, ते आता दाराबाहेर जाऊन बसलं. कुरकुरायचं, पण आत यायचं नाही. जयवंती परत तव्यापुढे उभी राहिली. नर्सनं बजावलं होतं, पॅचवर शेक घ्यायचा नाही, गरम पाण्याची पिशवी तर अजिबात नाही. जयवंती शब्दाची पक्की. तिनं पिशवी शेजारणीला देऊन टाकली.

एप्रिलातल्या एका रविवारी गर्दी उसळली होती. पंखा गरम वारा फेकत होता, भट्टी भणभणत होती. तव्यावरची भाकरी काळी पडली तरी जयवंतीनं ती उलटली नाही. मदतीला असलेली कृष्णवेणी ओरडली, "अक्का! अक्का, भाकरी!" जयवंतीनं डोळे उघडले, काहीतरी पुटपुटली आणि भट्टीवरच कलंडायला लागली. कृष्णवेणीनं तिला कमरेला धरून मागे ओढलं म्हणून तोंड वाचलं, मनगट तेवढं भाजलं.

जवळच्या दवाखान्यात पॅच काढला, रात्रभर नजरेखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी घरी आली आणि संध्याकाळपासून अंग मोडून यायला लागलं. घाम, जांभयांवर जांभया, पोटात मुरडा. आणि दाराबाहेरचं दुखणं दार तोडून आत.

नेहमी जेवायला येणारा क्षितिज, कॉम्प्युटरवाला, बघायला आला होता. मोबाइलवर बोट फिरवत म्हणाला, "काका, ही अफूच्या जातीची औषधं. मावशींना सवय लागलीय. हे बघा, सगळी लक्षणं जुळतात."

रत्नाकरच्या डोक्यात तिडीक गेली. "आमच्या घरात सुपारीचं व्यसन नाही कुणाला! बंद म्हणजे बंद. जयू, आता तो पॅच नाही आणि ती भट्टीपण नाही. मी बाई ठेवतो. तू गल्ल्यावर बस, राणीसारखी."

"राणीला बसवेल दादा, मला बसवत नाही," जयवंती दात आवळून म्हणाली. "औषध नसलं तर मला गल्ल्यावरही बसता येत नाही. आणि तवा मी सोडणार नाही. रिक्षा बोलाव. त्या डॉक्टरीणबाईंकडे जायचंय."

"आणि त्यांनीच बंद केलं तर?"

"तर भांडेन. तू असशीलच की ओरडायला."

अण्णा नगरला रत्नाकरनं ओरडायला सुरुवात केलीच होती. विद्यालक्ष्मींनी त्याला हातानं थांबवलं आणि जयवंतीला विचारलं, "पॅचवर काही गरम ठेवलं होतंत?"

"देवाशपथ नाही. पिशवी शेजारणीला देऊन टाकली."

"पॅच लावला कुठं होता?"

तिनं गळ्याखाली, छातीच्या वरच्या बाजूला बोट ठेवलं.

"आणि काम काय करता?"

"भाकऱ्या."

"भट्टी किती लांब असते?"

जयवंतीनं हात पुढे केला. कोपरापर्यंतचं अंतर. डॉक्टरीणबाई तिच्या हाताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, पिशवी दिलीत शेजारणीला आणि स्वतः जाऊन उभ्या राहिलात विस्तवापुढे. उष्णतेनं पॅचमधलं औषध भराभर अंगात गेलं. जीव जायचा. चूक आमचीपण आहे, तुमचं काम आम्ही आधीच विचारायला हवं होतं."

"म्हणजे व्यसन नाही ना?" रत्नाकर.

"शरीराला औषधाची सवय होते. एकदम काढलं की ते तक्रार करतं. त्या जांभया, तो घाम, ती तक्रार होती. व्यसन वेगळं. औषधासाठी खोटं बोलणं, जास्त घेणं, कामधाम सोडून त्याच्याच मागे लागणं. तसं काही दिसलं तर मला सांगा, लपवू नका." मग जयवंतीकडे वळून, "आता ठरवा. पॅच हवा तर भट्टी सोडावी लागेल."

"भट्टी ठेवली तर?"

"तर मॉर्फिनच्या गोळ्या. ठरलेल्या वेळीच घ्यायच्या, दुखायची वाट बघायची नाही, आणि जास्त दुखलं म्हणून मनानं वाढवायची नाही. कुलपात ठेवायच्या. दर वेळी इथं येऊनच न्यायच्या. आणि झोपाळूपणा जाऊन मी हो म्हणेपर्यंत विस्तवाजवळ जायचं नाही."

"चालेल," जयवंती म्हणाली. विचार करायलासुद्धा थांबली नाही.

पुढचे दिवस कठीण गेले. सुरुवातीला मळमळायचं, बसल्या जागी डोळे मिटायचे. पोट तर असं आवळलं की जुलाबाचं औषधही रोजचंच झालं. त्याची लाज वाटायची, पण तिनं डॉक्टरीणबाईंना तेही तोंडावर सांगितलं. तवा कृष्णवेणीकडे होता. भाकऱ्या फुगत नव्हत्या, पोरं तोंड वाकडं करत होती. जयवंती खुर्चीवरून ओरडायची, "अगं पीठ मळ, त्याला कुरवाळू नकोस!" हात शिवशिवायचे, पण भट्टीजवळ गेली नाही. पाय फार जळायला लागला की एखादी गोळी जास्त घ्यावीशी वाटायची. तिनं गोळ्यांच्या कुलपाची किल्ली रत्नाकरच्या गळ्यात बांधली.

डॉक्टरीणबाईंनी हो म्हटलं, पण अर्धंच. फक्त दुपारची वेळ, मध्ये मध्ये उंच स्टुलावर बसून. रात्रीचा तवा कृष्णवेणीचा. जयवंतीनं हुज्जत घातली, हरली, आणि तेवढं घेऊन आली.

पहिल्या दुपारी खानावळ भरली. बाहेर रत्नाकर वाढत होता आणि तोंडही चालू होतं. "गोळ्याबिळ्या सगळ्या फेकल्या तिनं! आमच्या घराण्यात हाडंच लोखंडाची!"

"खरंच, काका?" क्षितिज म्हणाला. "म्हणजे सुटलं सगळं?"

जयवंती पिठाच्या हातानं बाहेर आली. "दादा, खोटं का सांगतोस? क्षितिज, काही सुटलेलं नाही. मॉर्फिन घेते मी. आज सकाळी घेतली, रात्री परत घेणार. ती आहे म्हणून तुझ्या ताटात भाकरी आहे. मोबाइलमध्ये हे पण लिहून ठेव."

पोरं घास हातात धरून बसली. क्षितिजचे कान लाल झाले.

रत्नाकरनं टेबलावर थाप मारली. "ऐकलंत? चार माणसांत असं छातीठोक बोलायला हिंमत लागते! कुठून आली? आमच्याच घरातून!"

"वाढ आता," जयवंती म्हणाली. पाय कुरकुरायला लागला होता. तिनं आत जाऊन स्टूल पायानं तव्यापुढे ओढलं, त्यावर बसली आणि पुढचा गोळा थापायला घेतला.