गडूभर पाणी

हे मी अजून कुणापाशी बोललेली नाही. बाबांना नाही, आईला नाही, ज्यांच्याबरोबर घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या त्या मैत्रिणींनाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण माझ्याबद्दल सभांमधून एक वाक्य सारखं म्हटलं जातं आणि ते आता मला ऐकवत नाही. 'ही सोळाव्या वर्षापासून निर्भीडपणे लिहिते आहे.' लिहिते आहे, हे खरं. निर्भीडपणाचं काय ते तुम्हीच बघा.

आमचं घर नाशिकला, सिडकोत. घरात देव नव्हते, पत्रकं होती. अंधश्रद्धेविरुद्धची, नदी घाण करण्याविरुद्धची, बुवाबाजीविरुद्धची. पाढे पाठ व्हायच्या आधी मला पत्रकाची घडी घालता येत होती. बाबा कारखान्यात फिटर, आणि उरलेला सगळा वेळ कार्यकर्ते. त्यांचा एकच प्रश्न — पुरावा काय? मी 'पोट दुखतंय' म्हटलं तरी ते विचारायचे, पुरावा काय? आई सिन्नरच्या शाळेत शिकवायची. ती सकाळच्या एसटीनं निघून जायची, ती संध्याकाळीच दिसायची. मला वाढवलं ते आत्यानं — बाबांच्या थोरल्या बहिणीनं. नवरा गेल्यावर ती निफाडकडून आमच्याकडे राहायला आली ती कायमची.

आणि पुढच्या खोलीत, जिथं इतरांकडे शोकेस असतं तिथं, आमच्याकडे फिशटँक होता. सात फूट लांब. एवढा मोठा घरात कशाला, असं प्रत्येक पाहुणा विचारायचा. मी लहान असताना बाबांनी तो स्वतः बांधला होता. लोखंडी स्टँड कंपनीतल्या मित्रानं वेल्डिंग करून दिला, जाड काचा बाबांनी सिलिकॉननं जोडल्या. पहिल्यांदा भरला तेव्हा एक सांधा सुटला आणि खोलीभर पाणी झालं. आत्यानं सगळ्यांत आधी काय उचललं असेल? जमिनीवरचे पत्रकांचे गठ्ठे. तिच्या स्वतःच्या ट्रंकेतली लुगडी भिजून गेली. "लुगडी वाळत्यात," ती म्हणाली, "तुझा कागद वाळून पापड होईल, इलास." बाबांचं नाव विलास. ते तिला अक्का म्हणायचे.

टँकचं काम दर रविवारी असायचं. थोडंसंच पाणी काढायचं आणि आदल्या दिवसापासून पिंपात उघडं ठेवलेलं नळाचं पाणी तेवढंच भरायचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते उडून जायला वेळ दिला नाही तर माशांचे कल्ले जळतात. मला हे झोपेतही सांगता आलं असतं. एवढं लक्षात ठेवा.

आत्या मात्र रोज सकाळी गंगेवर जायची — आम्ही नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतो — आणि येताना पितळी गडू भरून आणायची. तुळशीला थोडं पाणी आणि टँकमध्ये एक चमचा. बाबा चिडायचे. "अक्का, त्या पाण्यात काय काय असतं तुला माहीत आहे का?"

"अन् तुझ्या नळात काय असतं ते तुला तरी कुठं दिसतं? मासे हायेत ते. सासरी नांदत्यात. त्यांना माहेरचं पाणी नको व्हय?"

बाबा हसायचे, हरायचे आणि कामावर जायचे.

टँकमध्ये ऑस्कर जातीचा एक मासा होता. आणला तेव्हा बोटाएवढा, नंतर ताटलीएवढा झाला. काळा, अंगावर निखाऱ्यासारखे नारिंगी डाग. आत्यानं त्याचं नाव ठेवलं रावसाहेब. तो तिच्या बोटांतून खायचा, ती दुसऱ्या खोलीतून आली तरी काचेपाशी येऊन उभा राहायचा. मी टँकमध्ये हात घातला की माझ्याकडे पाठ करून कोपऱ्यात रुसून बसायचा. आत्या त्याला गल्लीतल्या सगळ्या बातम्या सांगायची. एकदा मी ऐकलं, ती त्याला म्हणत होती, "शेवटी मला बी गंगेतच जायचंय, रावसाहेब. तुमच्याच गणगोतात. तवा वळख ठेवा."

वीज गेली की हवेचा पंप बंद पडायचा. मग आत्या स्टूल घेऊन बसायची, पेल्यानं टँकमधलंच पाणी उचलायची आणि उंचावरून परत आत ओतायची. पाण्यात हवा जावी म्हणून. वीज येईपर्यंत. हे तिला कुणी शिकवलं होतं? कुणी नाही. तापलेलं दूध गार करताना ते कसं फेसाळतं हे तिनं पाहिलं होतं, एवढंच. आमच्या त्या एवढ्या मोठ्या टँकमधले मासे वर्षानुवर्षं जगले ते तिच्या दंडाच्या जोरावर.

आता त्या दिवसाकडे येते. मघापासून आजूबाजूलाच घुटमळते आहे — माझ्या लक्षात येतंय.

सिंहस्थ चालू होता. सुट्टी आली की बाबा पेठकडे शिबिरांना जायचे, टँक माझ्यावर सोपवून; त्या दिवशीही गेले होते. मी सोळा वर्षांची, जग बदलायची घाई असलेली. रविवार मी चुकवले. एक नाही, बरेच. काचा हिरव्या पडल्या. आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कार्यकर्त्यांची बैठक होती. लोक म्हणतील, हिच्यावर एक टँक सोपवला तर तोही नीट ठेवता येत नाही हिला? दुपारी आत्या शेजारी पापड लाटायला गेली होती. मी टँकमधलं निम्म्याहून जास्त पाणी काढून टाकलं. पिंप रिकामं होतं. मग मी नळालाच नळी लावली.

नळीतून पाणी आलं तेव्हा औषधाचा वास आला. त्या दिवसांत पाण्याला तसा वास यायचाच — एवढी माणसं शहरात आलेली, साथ नको म्हणून औषध जास्त असावं. वास मला आला. 'माझ्या ध्यानात आलं नाही' असं मी म्हणू शकत नाही. मी नाक चोळलं आणि नळी तशीच धरली. काचेतून पलीकडची भिंत दिसायला लागली. एवढं नितळ पाणी आमच्या टँकमध्ये मी कधीच पाहिलं नव्हतं. मी खूश होते.

संध्याकाळी आत्या आली तेव्हा सगळे मासे वर येऊन तोंड उघडून श्वास घेत होते. वीज होती, पंप चालू होता, तरी तिनं पेला घेतला आणि पाणी ओतायला लागली. ओततच राहिली. मी मागे उभी. मला ठाऊक होतं काय झालंय ते. मला ठाऊक होतं आणि मी तिला पाणी ओतू दिलं.

बाबा आले तोवर छोटे मासे आडवे झाले होते. रावसाहेब कोपऱ्यात काचेला टेकून होता, त्याचे कल्ले लालभडक. बाबांनी खांद्यावरची पिशवीही उतरवली नाही.

"पाण्यात काय गेलं?"

मी इकडेतिकडे पाहिलं. स्टँडवर गडू होता. पर्वणी उरकून गर्दी ओसरल्यावर आत्या त्या सकाळी गंगेवर जाऊन आली होती, आणि पर्वणीचं पाणी म्हणून तिनं चमचा नाही, अख्खा गडू टँकमध्ये ओतला होता. मी म्हणाले, "आत्यानं सकाळी गडूभर पाणी ओतलं."

यातला एकेक शब्द खरा होता. एकेक खऱ्या शब्दानं इतकं मोठं खोटं बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आत्याच्या हातात पेला होता. ती म्हणाली, "गडूभर पाण्यानं? एवढ्या मोठ्या टाकीत?"

आमच्या घरात त्या दिवशी विचारलेला हा एकच शहाणा प्रश्न. पोटदुखीचाही पुरावा मागणाऱ्या बाबांनी मला काहीच विचारलं नाही. का विचारतील? वर्षानुवर्षं ते जे सांगत होते तेच घडलं होतं. नाही घडलं असं म्हणावंसं कुणाला वाटेल? आत्याला उत्तर मीच दिलं. म्हणाले, त्या पाण्यात जंतू असतात, एकाचे हजार व्हायला वेळ लागत नाही, गडू लहान असला तरी जंतू लहान नसतात. धडाधड बोलले, एकदाही न अडखळता. ही भाषा माझ्या तोंडात होतीच — लहानपणापासून घडी घालत आले होते ती.

आत्यानं पेला खाली ठेवला. "मला काय कळतंय, बाई. तू शिकलेली."

बाबा तिच्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर कदाचित मी बोलले असते. नसते बोलले — कशाला फसवू तुम्हाला? ते म्हणाले, "अक्का, तू काय मुद्दाम केलंस का?" आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला, थोरल्या बहिणीच्या. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे लिही."

आणि मी लिहिलं. 'श्रद्धेनं मारलेले मासे.' एका बैठकीत, एकही शब्द न खोडता. ते माझं पहिलं छापील लेखन. त्यावरून लोक मला ओळखायला लागले. पत्रकं छापून आली तेव्हा घड्या घालायला आत्या नेहमीसारखी आमच्यात बसली. तिनं एक पत्रक उघडून सावकाश वाचलं, ओठ हलवत. मला वाटलं, आता ही रडेल. ती म्हणाली, "लय छान लिहितीस गं मुक्ते. 'एक बाई' असंच घातलंस, माझं नाव नाय घातलंस, ते लय बरं केलंस." आणि घडी घालून ते गठ्ठ्यावर ठेवलं.

त्यानंतर तिनं नदीवरून पाणी आणलं नाही. बाबांनी नवे मासे आणले, पण ती टँकजवळ आली नाही. उंबऱ्यात बसायची, लांबून बघायची. "माझा हात नको त्यांना." वीज गेली की आता पेला माझ्या हातात. तुम्ही कधी तासभर हात वर करून पाणी ओतलंय? माझा दंड भरून यायचा आणि उंबऱ्यातून तिचा आवाज यायचा, "आणखी उंचावरून, पोरी. तवा हवा धरतंय पाणी." ती शिकवत राहिली. माझ्यावर न रागावता, स्वतःला दोषी धरून, शिकवत राहिली. पाणी, मासे, माणसं यांच्यापाशी घाई न करता बसायचं कसं, हे जे थोडंफार मला येतं ते त्या उंबऱ्यातून आलेलं आहे.

पुढे माझं पुण्याला शिकायला जायचं ठरलं तेव्हा नातेवाइकांनी एक स्थळ आणलं. बाबाही जरा डळमळले होते. उभी राहिली ती आत्या. "पोरगी लिहिती. तिनं लिहिलं म्हणून माझ्यासारखीला अक्कल आली. तिला जाऊ द्या." मी गेले. आज जे काही आहे ते तिथून पुढचं. म्हणजे माझं आयुष्य मला तिनं दिलं, आणि ते माझ्या खोट्याची साक्ष काढून दिलं. तिचे आभार मी कोणत्या तोंडानं मानायचे? तरी मानते. रोज मानते.

मागच्या वर्षी ती गेली. शेवटच्या दिवसांत तिनं बाबांना जवळ बोलावलं. मी पायथ्याशी होते. "इलास, माझी राख गंगेत नको टाकू. मासे हायेत तिथं. माझ्या हातून एकदा झालं तेवढं बास."

लांबलांबून माणसं आपल्या माणसांची राख घेऊन आमच्या नाशिकला येतात. आणि ही, जिनं जन्मभर त्या पाण्याला माहेर म्हटलं, जिनं एका माशाला ओळख ठेवायला सांगितलं होतं, ती जवळ राहून नको म्हणाली. बाबा रडले. शोकसभेत मात्र ताठ उभे राहून म्हणाले, "अक्का शेवटी विचारानं आपली झाली." लोकांनी माना हलवल्या. नंतर मी बोलायला उभी राहिले. तिच्या मायेबद्दल बोलले, तिच्या विनोदाबद्दल बोलले. नळीबद्दल बोलले नाही. घरासमोर खड्डा करून तिची राख त्यात घातली, वर बकुळीचं रोप लावलं. पहिलं पाणी मी घातलं.

नदीत राख टाकू नये, असं मी आजही मानते, आजही लिहिते. त्या विचारात खोट नव्हती. खोट माझ्यात होती, आणि मी ती विचाराच्या आड ठेवली.

बाबा हे छापून आलेलं वाचतील. चष्मा कपाळावर सरकवून विचारतील, पुरावा काय? नळी मी धरली होती, बाबा. वास मला आला होता.

आणि आत्या, तू विचारलं होतंस — गडूभर पाण्यानं? एवढ्या मोठ्या टाकीत?

नाही. गडूभर पाण्यानं नाही.